स्वयंपाकघराची भिंत पाडण्याआधी छताकडे पाहा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात स्वयंपाकघर मोकळे करायचे ठरले की मिस्त्री आधी भिंत ठोकून पाहतो. त्या ठोकण्यातून एवढेच कळते की गिलावा सुटला आहे का आणि आत एखादा कोनाडा बुजवलेला आहे का. भिंतीवर भार आहे की नाही, हे आवाजावरून कळत नाही. त्यासाठी मान वर करून छत वाचावे लागते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ दिला आणि त्या छावणीचेच लष्कर झाले. पुढे गोठी, म्हणजे सरदारांच्या वस्त्या, आणि बाजार वसले, तशी घरे जवळ मिळणाऱ्या दगडात बांधली गेली. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती वालुकाश्माची. हा दगड थरांत बसलेला असल्यामुळे त्याच्या लांब, सपाट पट्ट्या निघतात. इथे सगळे त्यांना पटिया म्हणतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत पटिया टाकायच्या, सांधे चुन्याने भरायचे आणि वर चुन्याचा कोबा कुटायचा, की छत तयार. त्यात सळई नाही, खांब नाहीत. सगळा भार भिंतींवर.

दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फार कमी; ढोबळमानाने दाबाचा दहावा भाग. दोन टोकांवर टेकलेली पटिया किंचित वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सळई असलेला स्लॅब तुटण्याआधी भेगा दाखवतो, लवतो, इशारा देतो. पटिया इशारा देत नाही. खालून एक बारीक चीर जाते आणि दगड एकदम दुभंगतो. जुन्या घरातला पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर चालतो.

छत वाचण्याची रीत सोपी आहे. स्वयंपाकघरात उभे राहून पटियांच्या सांध्यांच्या रेषा पाहा. त्या ज्या भिंतीला काटकोनात जाऊन भिडतात, तिच्यावर पटियांची टोके टेकलेली आहेत. ती भारवाहक भिंत. रेषा ज्या भिंतीला समांतर जातात, तिच्यावर छताचा भार बहुधा नाही. प्लास्टरमुळे रेषा दिसत नसतील तर कोपऱ्यात हातभर जागा खरवडून पाहावी. फॉल्स सीलिंग असेल तर एक चौकोन कापावा. गर्डर-फर्शीच्या छतात लोखंडी गर्डर दिसतातच. त्यांची टोके ज्या भिंतींत शिरली आहेत, त्या भिंती भार घेतात. हेच पुन्हा वरच्या मजल्यावर आणि पलीकडच्या खोलीत पाहायचे, कारण एकाच भिंतीवर दोन्हीकडच्या पटिया टेकलेल्या असतात. भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असेल, तर तिसऱ्याच घराचे छतही तिच्यावर असते. अशा भिंतीला हात लावूच नये.

समांतर भिंतही बिनकामाची नसते. लांब, उंच भिंतीला मध्ये आडवी भिंत मिळाली की ती बाजूला झुकत नाही. पूर्ण काढायची झाली तरी दोन्ही टोकांना निदान दोन-दोन फूट भिंत ठेवावी.

आता भारवाहक भिंतीतून आठ फुटांचा गाळा, म्हणजे आरपार मोकळी जागा, काढायचा आहे असे धरू. भिंत चौदा इंची, छत दहा फुटांवर, गाळ्याची उंची सात फूट, दोन्हीकडच्या खोल्या दहा फुटी. तीन इंची पटिया दर चौरस मीटरला सुमारे १७५ किलो भरते आणि चार इंची कोबा १९०. वर माणसे, वाळवणे, पाण्याचे पिंप यांचे १५० धरले की ५१५ किलो झाले. दोन्ही खोल्यांचा अर्धा-अर्धा भाग या भिंतीवर येतो, म्हणजे तीन मीटरचा पट्टा. भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण १,५५० किलो. गाळ्यावर उरणाऱ्या तीन फूट भिंतीचे आणखी ६०० धरा. आठ फुटांत हे पाच टनांवर जाते. आजवर हे पाच टन सबंध भिंतीतून पसरून जमिनीत उतरत होते. गाळा काढल्यावर ते दोन टोकांवरून उतरणार.

इथे एक समज नेहमी ऐकू येतो, की वरच्या विटा कमानीसारख्या आपापल्या धरून राहतात. हे खरे आहे, पण अटीवर. गाळ्यावर त्याच्या रुंदीएवढ्या बाजूंचा समभुज त्रिकोण मावेल इतकी भिंत हवी आणि कमानीचा रेटा घ्यायला दोन्हीकडे पुरेशी भिंत हवी. आठ फुटांच्या गाळ्याला सुमारे सात फूट उंचीचे बांधकाम वर लागेल. आपल्याकडे आहे तीन फूट. कमान तयारच होत नाही आणि छताचा भार सरळ तुळईवर येतो.

मग तुळई कोणती? चौदा इंची भिंतीला शेजारी-शेजारी दोन गर्डर लागतात, कारण दोन्ही बाजूंच्या पटियांची टोके आपापल्या निम्म्या जाडीवर बसलेली असतात. १२५ मिमी उंचीचे दोन आय-गर्डर घेतले तर ताकदीच्या हिशेबात ते पास होतात. पण भाराखाली ते मध्यभागी सुमारे ८ मिमी लवतात. लोखंडाला त्याचे काही वाटत नाही. वरच्या दगडाला आणि चुन्याच्या भिंतीला ते सोसत नाही. तिथेच तिरप्या भेगा पडतात. २०० मिमीचे दोन गर्डर घेतले की हेच लवणे दीड-दोन मिमीवर येते. मीटरला १३ किलोऐवजी २५ किलो लोखंड, म्हणजे तीन-तीन मीटरच्या दोन नगांत सत्तर-बहात्तर किलो जास्त. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. दगडी छताखाली गर्डर ताकदीने नाही, ताठपणाने निवडायचा असतो. आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक घराचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावा आणि पालिकेची परवानगीही काढावी.

याहून मोठा फरक गाळ्याच्या रुंदीने पडतो. त्याच भाराखाली तुळईचे लवणे लांबीच्या चौथ्या घाताने बदलते. आठ फुटांऐवजी चार फूट केले की ते निम्मे होत नाही, सोळावा हिस्सा होते. म्हणून जुन्या पटियाच्या घरात भिंत सबंध उघडण्यापेक्षा ओट्याच्या वरून चार फुटांची वाढण्याची खिडकी काढणे फार शहाणपणाचे. उजेड येतो, बोलणे होते, ताटे पुढे सरकवता येतात आणि खालची साडेतीन फूट भिंत जागच्या जागी राहते.

आठ फूटच हवे असतील तर कामाचा क्रम चुकवू नये. गर्डरच्या प्रत्येक टोकाखाली आधी काँक्रीटचा ठोकळा बसतो. गर्डरचे टोक भिंतीत वीस सेंटिमीटर गेले आणि त्याची रुंदी दहा सेंटिमीटर असली, तर दोन्ही गर्डर मिळून ४०० चौरस सेंटिमीटर जागेवर जवळजवळ तीन टन टाकतात. दर चौरस सेंटिमीटरला सात किलोंहून अधिक. चुन्यातली जुनी विटेची भिंत तीन-चार किलोंपर्यंतच बेधडक धरावी. ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा ठोकळा घातला की दाब दोन किलोंच्या आत येतो. ठोकळ्याला किमान सात दिवस पाणी द्यावे, त्याआधी त्यावर गर्डर चढवू नये. घाईत विटांवरच लोखंड टेकवले की टोकाखालच्या विटांचा भुगा होतो, गर्डर बसतो आणि दोष मात्र दगडाला दिला जातो.

टेकू कुठे द्यायचे, यात अनुभवी मिस्त्रीही चुकतात. स्लॅबची सवय असलेला माणूस भिंतीपासून तीन फुटांवर टेकूंची रांग लावतो. पटियाला ते घातक आहे. भिंत निघाली की टेकूपासून भिंतीपर्यंतचे टोक अधांतरी लोंबते, आणि आजवर जिथे दाब होता त्या वरच्या बाजूला ताण येतो. म्हणून टेकूंवरची आडवी तुळई भिंतीपासून फूट-दीड फुटात हवी, दोन्ही खोल्यांत आणि प्रत्येक पटियाखाली भिडलेली. पाचर ठोकून घट्ट करायची, पण जॅकने छत उचलायचे नाही. वर उचलणे हेही वाकवणेच. टेकूखालची फरशी पोकळ नाही ना, हे पाहून खाली जाड फळी टाकावी. खाली मजला असेल तर त्यालाही त्याच रेषेत टेकू द्यावेत.

त्यानंतर एका बाजूने भिंतीच्या निम्म्या जाडीत खाच कापायची. घणाने नाही, कटरने. घणाचे हादरे चुन्याचे जुने सांधे सोडवतात. रेड ऑक्साइड लावलेला पहिला गर्डर खाचेत सरकवायचा. गर्डर आणि वरची भिंत यांमध्ये लोखंडी पाचरी मारून उरलेल्या फटीत जेमतेम ओलसर सिमेंट-वाळू ठासून भरायची, किंवा न आक्रसणारा ग्राउट, म्हणजे फटी भरायचा तयार माल. पातळ माल ओतला तर तो सुकताना आक्रसतो आणि दोन मिमीची फट राहते. तेवढी फट भरेपर्यंत वरची भिंत खाली येते. हे कडक झाल्यावरच दुसऱ्या बाजूची खाच आणि दुसरा गर्डर. दोन्ही गर्डर आरपार बोल्टांनी जोडावेत. मगच खालची भिंत काढायची, वरून खाली, एकेक थर. शेगडीच्या वर उघडे लोखंड ठेवू नये. जाळी गुंडाळून इंचभर प्लास्टर करावे.

ग्वाल्हेरच्याच थाटीपूर किंवा सिटी सेंटरकडच्या खांब-तुळयांच्या इमारतींत साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते. दाराच्या चौकटीजवळ प्लास्टरसकट पाच-साडेपाच इंच भरले तर साडेचार इंची, दहा भरले तर नऊ इंची. पण वसाहतींतल्या अनेक जुन्या बंगल्यांत खांब नाहीत. स्लॅब थेट भिंतींवर ओतलेला आहे. तिथे पातळ भिंतही आधार झालेली असू शकते. सलग स्लॅब मधल्या आधारावरून जातो, तिथे ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून काही सळया वाकवून वर नेलेल्या असतात. भिंत काढली की तीच जागा उरलेल्या दोन आधारांमधल्या अंतराचा मध्य होते. ताण खाली येतो, आणि नेमक्या तिथेच खाली सळया कमी असतात. काही महिन्यांनी काढलेल्या भिंतीच्या रेषेत खालून सरळ भेग दिसू लागते, तिचे कारण हे.

भिंतीतली वायर, पाण्याची आणि गॅसची नळी आधी बंद करून हलवावी. गॅसच्या नळीला पुरवठादाराच्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

हवेचा विचार मात्र सावकाश करावा. दहा बाय आठच्या बंद स्वयंपाकघरातली हवा तासाला बारा वेळा बदलायला सुमारे २७० घनमीटर ओढावी लागते. सोळा बाय बाराचा हॉल त्याला जोडला की हाच आकडा सव्वानऊशेच्या आसपास जातो. फोडणीचा धूर हॉलमध्ये पसरल्यावर ओढण्यापेक्षा शेगडीवरच पकडणे सोपे. चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटरवर, नळी सहा इंची, वळणे एक-दोनच. इथल्या उन्हाळ्यात हॉलमधला कूलर दिवसभर चालतो. त्याचा झोत उघड्या गाळ्यातून थेट शेगडीवर आला की ज्योत आडवी होते, गॅस पुरता जळत नाही, भांड्यांना काजळी धरते आणि धूर चिमणीखालून निसटतो. कूलरची हवा शेगडीच्या बाजूने जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडेल अशी मांडणी हवी. साडेतीन फुटांची राखलेली भिंत इथेही कामाला येते, ओट्यावर आणखी एक फूट काच लावली तर जास्तच.

टेकू काढताना मधला आधी सैल करावा, मग दोन्हीकडचे टोकांकडे जात, दिवसभरात थोडे-थोडे. त्याआधी गाळ्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर पातळ काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. कोबा पावसाळ्यात पाणी पितो आणि छत वर्षातले सर्वांत जड त्या दिवसांत असते, म्हणून ती काच दिवाळीपर्यंत काढू नये.