स्वस्त वाइन, महाग वाइन आणि जळगावचा मे महिना

भुसावळ, जळगाव, धुळे, कुठल्याही गावच्या वाइन शॉपमध्ये वाइन शोधायची तर मान वर करावी लागते. हाताशी व्हिस्की आणि रम, फ्रीजमध्ये बिअर, आणि वाइनच्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली धूळ खात उभ्या. त्यातली एक तीन-चारशेची, शेजारची हजाराच्या पुढची. अधूनमधून घेणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: स्वस्तातली घेण्यात काही अर्थ आहे का, की पैसे पाण्यात? माझं मत असं, की खानदेशात किमतीचा प्रश्न दुसरा. ती बाटली इथे किती उन्हाळे काढून बसली आहे, हा पहिला. पण आधी स्वस्त वाइन स्वस्त का असते ते पाहू, कारण त्याबद्दल संशयच फार.

कुठल्याही साध्या वाइनमध्ये साधारण ८५ टक्के पाणी आणि १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत आम्लं, ग्लिसरॉल, टॅनिन, रंगद्रव्यं आणि शेकडो सुगंधी रेणू. ही वाटणी तीनशेच्या आणि तीन हजारांच्या बाटलीत जवळपास सारखीच. रसातली लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खाऊन यीस्ट एक टक्का अल्कोहोल तयार करतं, मग ती द्राक्षं कुठल्या का बागेतली असेनात. भांडण काय ते त्या शेवटच्या दोन टक्क्यांचं.

पैसा पहिल्यांदा वाचतो तो बागेत. वेलीवर जास्त घड ठेवले की एकरी टनेज वाढतं, पण रंग, गोडी आणि वास पातळ होतो, हे बागायतदाराला नव्याने सांगायला नको. उंची वाइनसाठी मुद्दाम घड कमी ठेवतात. स्वस्त वाइनला टनेज हवं असतं. दुसरी बचत लाकडात. फ्रेंच ओकचं २२५ लिटरचं नवं पिंप लाखाच्या आसपास जातं, त्यात जेमतेम ३०० बाटल्यांचा माल मावतो, आणि तीन-चार वर्षांत लाकडाचा गंध उतरतो. म्हणजे निव्वळ पिंपाचाच बाटलीमागे बऱ्यापैकी खर्च. स्वस्त वाइनवाले स्टीलच्या टाकीत ओकच्या भाजलेल्या ढलप्या सोडतात. ओकमधलं लिग्निन भाजलं की व्हॅनिलिन सुटतं. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारा रेणू तोच, आणि तो पिंपातून आला काय नि ढलपीतून आला काय, नाकाला फरक पडत नाही. पिंपाचं दुसरं काम म्हणजे लाकडातून अगदी थोडा ऑक्सिजन आत झिरपू देणं, त्याने टॅनिनचा तुरटपणा मऊ होतो. तेही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या मादिराँ भागात पॅट्रिक द्युकुर्नो यांनी टाकीत ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडून साधलं. तिथली द्राक्षं तुरटपणासाठी बदनाम, तेव्हा गरजही तिथेच होती.

सगळ्यात मोठा बदल मात्र थंडाव्याने केला. यीस्ट काम करताना उष्णता सोडतं. टाकी तापली की सुगंध उडतो आणि नको ते जिवाणू माजतात. बाहेरून गार ठेवता येणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि निवडक यीस्ट सर्रास वापरात येण्याआधी स्वस्त वाइन पुष्कळदा खरोखरच वाईट असे, व्हिनेगरचा वास मारणारी. आज कारखान्यातून निघताना ती बहुधा निर्दोष असते. साधी असते, एकसुरी असते, दोन घोटांत सगळी कळते. पण बिघडलेली नसते. माझ्या लेखी हे कमी नाही.

मग जास्त पैसे दिले की जास्त चव मिळते का? याच्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्या मजेशीर आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाटल्या झाकून, किंमत न सांगता घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्या तपासल्या. सामान्य माणसांनी दिलेले गुण आणि किंमत यांचा मेळ जवळजवळ नव्हताच. उलट महागड्या वाइनला किंचित कमीच गुण पडले. ज्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं त्यांना महाग वाइन थोडी जास्त आवडली. म्हणजे फरक असतो, पण तो ओळखायला सवय लागते.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात हिल्के प्लासमान, अँटोनिओ रँगेल या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि नळीने वाइन पाजली. एकच वाइन एकदा ५ डॉलरची म्हणून, एकदा ४५ डॉलरची म्हणून. दुसरी १० ची आणि ९० ची म्हणून. लोकांनी महागडीला जास्त गुण दिले, त्यात आश्चर्य नाही. शेजारी काय म्हणेल या धाकानेही माणूस तसं करतो. आश्चर्य स्कॅनमध्ये होतं. डोळ्यांच्या मागे मेंदूचा एक भाग सुखद अनुभवाची नोंद ठेवतो, तो ‘महाग’ सांगितल्यावर खरोखर जास्त पेटला. चव ओळखणाऱ्या मूळ भागात फरक नव्हता. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना जास्त आनंद झालाच होता, फक्त तो आकड्याने दिला होता. लग्नाच्या वाढदिवसाला कोणी महाग बाटली आणली तर किंमत सांगून टाकावी, असा याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो.

जाणकारांचीही फजिती झालेली आहे. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या ५४ वाइनविद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. वाइन बनवणारे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. स्वतःशीच सुसंगत गुण देणारे दहात एखादेच निघाले. आणि ‘चार्ल्स शॉ’ नावाची, तेव्हा दोन डॉलरला मिळायची म्हणून ‘टू बक चक’ या टोपणनावाने ओळखली जाणारी वाइन २००७ मध्ये त्याच राज्याच्या स्पर्धेत शार्दने या पांढऱ्या द्राक्षाच्या गटात पहिली आली. परीक्षक विकत घेतल्याचा आरोप करायची सोय नव्हती, कारण बाटल्या झाकलेल्या होत्या.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातली बहुतेक वाइन नाशिकच्या बाजूची, आणि त्याला कारण आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, जळगाव जेमतेम दोनशेवर. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्ण रात्रींत जळून जातं आणि रस सपक होतो. टार्टारिक आम्ल उष्णतेला जास्त टिकतं (चिंचेचा आंबटपणा याच आम्लाचा), म्हणून उष्ण प्रदेशातले कारखाने ते वरून घालतात. रावेर-यावलच्या केळीची वाइन का नाही, असंही विचारलं जातं. करता येते. पण केळीत साखर भरपूर असली तरी आंबटपणा कमी आणि पेक्टिन जास्त, त्यामुळे ती गढूळ राहते आणि जिभेवर ढिली पडते.

नाशिकहून बाटली खाली तापीच्या खोऱ्यात उतरली की तिचे हाल सुरू होतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुकानाला पत्र्याचं छत, रात्री शटर बंद, एसी असलाच तर गल्ल्यापुरता. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वाइन १५ अंशांच्या आसपास ठेवावी असं म्हणतात. दुकानाची दिवसरात्रीची सरासरी ३५ धरली तर वेग चौपट. एप्रिल-मे या दोन महिन्यांत ती आठ महिन्यांनी म्हातारी होते, आणि हिशोब इथेच थांबत नाही, कारण वाइन बिघडवणाऱ्या काही अभिक्रिया उष्णतेत याहूनही जोराने धावतात. संरक्षणासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड लवकर संपतो, फळाचा ताजा वास देणारे एस्टर मोडतात, पांढरी वाइन पिवळट-तपकिरी होते आणि लाल वाइनला शिजवलेल्या फळाचा वास येऊ लागतो. शिवाय २० वरून ४० अंशांवर गेली की ७५० मिलिलिटर वाइन चार-पाच मिलिलिटर तरी फुगते. बूच वर ढकललं जातं. रात्री गार झाल्यावर त्याच फटीतून हवा आत. दीड हजारांच्या बाटलीचं बूचही असंच हलतं.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर हे मुद्दाम करतात. तिथली वाइन ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. जुन्या काळी पिंपं जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून जात, तेव्हा लागलेली ही चव. पण मदेरात आधीच जास्तीचं मद्यार्क घातलेलं असतं, आंबटपणाही तगडा असतो, म्हणून ती हा छळ सोसते. आपल्या फळीवरची हलकी पांढरी वाइन सोसत नाही. महाग असली तर आणखी वाईट, कारण जे सूक्ष्म वास विकत घेतले तेच आधी जातात. साध्या वाइनकडे गमावण्यासारखं मुळात कमी. सगळे उन्हाळे फळीवर काढलेल्या उंची बाटलीपेक्षा याच वर्षीची साधी बाटली मी केव्हाही घेईन. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. पांढरी काही महिन्यांतच बाटलीत भरतात. तेव्हा दिवाळीनंतर लेबलवर चालू वर्ष असलेली पांढरी वाइन मिळाली तर तिने आपला मे बहुधा पाहिलेला नाही. फिरकीचं झाकण असेल तर उत्तमच. ते हलकं समजलं जातं, पण आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचं. बूच वर आलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ असलेली बाटली किती का सवलतीत असेना, राहू द्यावी.

जेवणाचंही शास्त्र स्वस्त वाइनच्याच बाजूने बोलतं. शेवभाजीचा काळ्या मसाल्याचा रस्सा घेऊन बसलात, तर मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला जागं करतं तोच ग्राही उष्णताही ओळखतो. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास ‘भाजलं’ म्हणून ओरडतो. २००२ मध्ये दिसलं, की अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत खाली येते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. त्यात टॅनिन लाळेतली प्रथिनं बांधून तोंड कोरडं करतं. परिणामी कडक, ओकमध्ये मुरलेली, १४ टक्क्यांची लाल वाइन रस्स्याबरोबर नुसती आग लावते. त्याजागी कमी अल्कोहोलची, किंचित गोड, फ्रीजमधून काढलेली पांढरी चालते, आणि ती सहसा स्वस्तच असते. वांग्याच्या भरताचा धुराचा वास मात्र हलक्या लाल वाइनशी जमतो. त्यात हिरवी मिरची जपून घालावी, आणि ते आमच्याकडे कोणाला जमत नाही.

राहिली भीती. ‘स्वस्त म्हणजे केमिकलची’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. सल्फाइट सगळ्याच वाइनमध्ये असतं, पांढरीत साधारणपणे लालपेक्षा जास्त. सुक्या जर्दाळूत तर त्याच्या कितीतरी पट. डोकेदुखीचं खापर त्यावर फुटतं, पण ते असतं तर पांढरी आणि जर्दाळू जास्त दुखवायला हवे होते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगळा संशयित पुढे केला: द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन. शरीरात त्याचं जे रूप होतं ते अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, असं परीक्षानळीत दिसलं. माणसांवर सिद्ध व्हायचं आहे. गंमत अशी, की घडांना ऊन जास्त मिळालं की क्वेर्सेटिन वाढतं, आणि घड उघडे करून ऊन देण्याचे लाड उंची बागांतच होतात.

भेसळीचा इतिहास दोन्हीकडे आहे. १९८६ मध्ये इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं मेली. उलट बाजूला रूडी कुर्निआवान याने घरी भरलेल्या बाटल्या लाखोंच्या जुन्या वाइन म्हणून श्रीमंतांना विकल्या. २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. हातभट्टीची भीती मात्र खरी आहे आणि ती परवान्याच्या वाइनवर ढकलू नये. नुसत्या किण्वनात मिथेनॉल अगदी थोडं तयार होतं. जीव जातात ते बेकायदा दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने.

हृदयासाठी म्हणून कोणी पीत असेल, तर त्यात स्वस्त-महाग असा भेदच नाही. हृदयाला चांगलं म्हणून गाजलेलं रेझवेराट्रॉल लाल वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम असतं. उंदरांवरच्या प्रयोगांतली मात्रा गाठायला रोज अशक्य इतकी वाइन लागेल. १३ टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. अल्कोहोलयुक्त पेयं १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहेत, आणि अमुक इतकी सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं. प्यायचीच नसेल तर स्वस्त मिळते म्हणून सुरू करण्यात काही हशील नाही. पिणाऱ्याने उघडलेली बाटली, लाल असली तरी, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. ओट्यावर राहिली तर अॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू हवा मिळताच तिचं व्हिनेगर करू लागतात, आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना फार वेळ लागत नाही.