वॉरहेड्स ऑन फोरहेड्स

थ्रॅश मेटल, म्हणजे हेवी मेटलची अतिवेगवान आणि आक्रमक शैली, वाजवणाऱ्या मेगाडेथ या अमेरिकन बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह. २२ मार्च २०१९ रोजी प्रकाशित. बँडच्या स्थापनेला ३५ वर्षे झाली त्या निमित्ताने संस्थापक, गायक आणि गिटारवादक डेव्ह मस्टेन याने स्वतः ३५ गाणी निवडली. १९८५च्या पहिल्या अल्बमपासून २०१६च्या ‘डिस्टोपिया’पर्यंत पंधरा स्टुडिओ अल्बमांचा काळ त्यात येतो. तीन सीडी किंवा चार एलपी अशा दोन रूपांत तो निघाला आणि डिजिटल स्वरूपातही उपलब्ध झाला.

संग्रहाचे नाव अमेरिकी सैन्याच्या बोलीतून आले आहे. ज्याच्यावर नेम धरला त्याच्या नेमक्या कपाळावर स्फोटक जाऊन पडावे, हा त्याचा अर्थ. मस्टेनने प्रकाशनाच्या वेळी तो सांगितला आणि आपली गाणी हीच आपली शस्त्रे आहेत, असेही म्हटले. बँडच्या नावामागेही शस्त्रेच आहेत. अणुयुद्धाच्या हिशेबात दहा लाख मृत्यूंचे एक माप कल्पिलेले आहे, ते म्हणजे ‘मेगाडेथ’. सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या अण्वस्त्रविरोधी पत्रकात हा शब्द मस्टेनला दिसला. त्याने स्पेलिंगमधले एक अक्षर गाळले आणि तेच नाव ठेवले. युद्ध, शस्त्रे आणि सत्ताधाऱ्यांचा खोटेपणा हे विषय या बँडने कधीच सोडले नाहीत, आणि पस्तीस गाणी एका बैठकीत ऐकली की ते किती जुने आहेत हे कळते.

‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा प्रकार थ्रॅश मेटलला मुळात फारसा मानवणारा नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मुख्यतः कॅलिफोर्नियात, हे संगीत वाढले ते रेडिओच्या आधाराशिवाय. हातोहात फिरणाऱ्या कॅसेट, छोटे क्लब आणि झेरॉक्स केलेली हौशी मासिके यांवर ते जगले. गाणी सहा-सात मिनिटांची, वेग प्रचंड, विषय काळे. त्यामुळे ‘हिट’ म्हणावे असे फार थोडे. या शैलीच्या चार प्रमुख बँडांपैकी मेटॅलिकाने असा नेहमीच्या पद्धतीचा संग्रह काढलेलाच नाही. स्लेयरने २००३मध्ये ‘साउंडट्रॅक टू द अपोकॅलिप्स’ हा संच काढला. अँथ्रॅक्सने २००५च्या संग्रहाच्या नावातच ‘नो हिट वंडर्स’ असे शब्द घातले. मेगाडेथचे मात्र याआधीही संग्रह आले होते: २०००मध्ये ‘कॅपिटल पनिशमेंट’, २००५मध्ये ‘बॅक टू द स्टार्ट’, २००८मध्ये ‘सेट द वर्ल्ड अफायर’. पैकी २००५च्या संग्रहासाठी चाहत्यांचा कौल घेतला होता. मराठी वाचकाला ‘निवडक अमुक’ हा ग्रंथप्रकार चांगला ओळखीचा आहे. त्यात निवड बहुधा संपादकाची असते. २०१९च्या या संग्रहात लेखक आणि संपादक एकच आहे. म्हणूनच आधीच्या तिन्हींपेक्षा तो जास्त बोलका आहे.

गाणी बहुतांशी कालक्रमाने लावली आहेत. ती त्या क्रमाने ऐकताना बँडमधली माणसे सारखी बदलताना कळतात. ड्रमवादक बदलतात, दुसरा गिटारवादक तर पुन्हा पुन्हा बदलतो, निर्माते आणि ध्वनीची घडण बदलते. न बदलणारी गोष्ट म्हणजे मस्टेनचा उजवा हात. थ्रॅशमध्ये ऱ्हिदम गिटार ही साथ नसते, गाण्याचा कणाच तो असतो. तळहाताची कड तारांवर ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) अलगद टेकवायची, म्हणजे सूर दबून कोरडा, ठोक्यासारखा निघतो. मग पिकने (तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने) खाली-वर किंवा नुसते खाली असे इतक्या वेगाने वाजवायचे की प्रत्येक ठोका तरीही सुटा ऐकू यावा. मस्टेन हे करता करता गातोही, आणि त्याची गाण्याची लय बहुतेक वेळा हाताच्या लयीशी जुळलेली नसते. हे किती अवघड आहे ते गिटार हातात घेऊन बसलेल्याला पहिल्याच संध्याकाळी समजते. पस्तीस गाणी ऐकताना एक काम करावे: आवाज, सोलो (एकट्या गिटारची सुरावट), ड्रम सगळे बाजूला ठेवून फक्त तो उजवा हात ऐकावा. संग्रहाचा खरा धागा तिथे सापडतो.

पहिली सीडी ‘रॅटलहेड’ने उघडते. हे गाणे बँडच्या चिन्हपुरुषाचे, विक रॅटलहेडचे. कवटीच्या डोळ्यांवर लोखंडी पट्टी ठोकलेली, कानांवर धातूची झाकणे, तोंड आकड्यांनी बंद केलेले. वाईट पाहू नका, ऐकू नका, बोलू नका ही तीन माकडांची शिकवण आपल्याकडे सद्गुण म्हणून सांगितली जाते; इथे तीच जबरदस्तीने लादलेली दिसते. त्यानंतर येते ‘मेकॅनिक्स’, आणि या गाण्याची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी.

मस्टेन मेटॅलिकाचा सुरुवातीचा मुख्य गिटारवादक. एप्रिल १९८३मध्ये, पहिला अल्बम मुद्रित व्हायच्या आधीच, दारू आणि भांडखोरपणाच्या कारणावरून त्याला न्यूयॉर्कमध्ये बँडमधून काढले आणि लॉस एंजेलिसच्या बसमध्ये बसवून दिले. क्रॅन्स्टन यांचे ते पत्रक त्याच्या हाती लागले ते याच प्रवासात. ‘मेकॅनिक्स’ हे त्याचे त्याआधीचे गाणे. मेटॅलिकाने शब्द बदलून, मध्ये एक संथ भाग घालून ते ‘द फोर हॉर्समेन’ या नावाने आपल्या पहिल्या अल्बमवर घेतले. मस्टेनने १९८५मध्ये ‘किलिंग इज माय बिझनेस’वर तेच गाणे जुन्या नावाने आणि जुन्या शब्दांत, कितीतरी जास्त वेगाने वाजवले. दोन्ही ओळीने ऐकावीत. मेटॅलिकाचे रूप अधिक घडवलेले आहे, हे मान्य करावेच लागते. पण मेगाडेथच्या रूपात एक चिडलेला मुलगा आपली वस्तू परत घेताना ऐकू येतो, आणि चौतीस वर्षांनंतरही त्याला ते गाणे संग्रहाच्या अगदी तोंडाशी ठेवावेसे वाटले.

याच सीडीवर ‘द कॉन्जरिंग’ आहे. मस्टेनने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्यानंतर, त्यातल्या जादूटोण्याच्या उल्लेखांमुळे, हे गाणे मंचावर वाजवणे अनेक वर्षे बंद ठेवले होते. २०१८मध्ये ते पुन्हा कार्यक्रमात आले आणि पुढच्याच वर्षी या निवडीतही. आपल्या लेखणीतून उतरलेल्या आणि पुढे नकोशा झालेल्या गोष्टीला स्वतःच्या निवडकात जागा देणे, हा या संग्रहातला मला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. ‘पीस सेल्स’ची सुरुवात डेव्हिड एलेफसनच्या एकट्या बेस गिटारने होते, ती सुरावट एमटीव्ही न्यूजने वर्षानुवर्षे वापरली, त्यामुळे बँडचे नावही न ऐकलेल्या लाखो लोकांच्या कानांवर ती पडलेली आहे. ‘इन माय डार्केस्ट अवर’चे संगीत मस्टेनला सुचले ते मेटॅलिकाचा बेसवादक क्लिफ बर्टन गेल्याची बातमी ऐकल्यावर. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बर्टन मरण पावला. गाण्याचे शब्द एका तुटलेल्या नात्याविषयी आहेत, दुःख मात्र मित्राचे आहे. त्या संथ, खालच्या सुरांत ते न सांगता कळते.

निवडीत सर्वांत मोठा वाटा ‘रस्ट इन पीस’ (१९९०) या अल्बमचा, आणि तो रास्तच आहे. मस्टेन, एलेफसन, गिटारवादक मार्टी फ्रीडमन आणि ड्रमवादक निक मेंझा या चौघांचा तो पहिला अल्बम. एका गाडीच्या मागे चिकटवलेल्या स्टिकरवर ‘तुमची सगळी अण्वस्त्रे शांतपणे गंजून जावोत’ अशा अर्थाचे वाक्य होते, त्यावरून अल्बमचे नाव सुचले. ‘होली वॉर्स’ची सुरुवात उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम येथे झाली. १९८८च्या तिथल्या कार्यक्रमात मस्टेनने, तिथल्या राजकारणाची नीट कल्पना नसताना, एक गाणे ‘द कॉज’ला, म्हणजे आयर्लंडच्या एकीकरणाच्या लढ्याला, अर्पण केले. प्रेक्षागृहातले प्रोटेस्टंट आणि कॅथलिक श्रोते एकमेकांवर तुटून पडले आणि बँडला बुलेटप्रूफ गाडीतून बाहेर काढावे लागले. स्वतःच्या अज्ञानातून पेटलेल्या त्या मारामारीवरून त्याने गाणे केले. ते साडेसहा मिनिटांचे आहे आणि मधोमध पूर्ण वळते: धावती पहिली रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट, अचानक थांबते, फ्रीडमनच्या गिटारवर पूर्वेकडचा भास देणारी छोटी सुरावट येते आणि मग निम्म्या वेगाचा, जड पावलांचा दुसरा भाग सुरू होतो. ‘हँगर १८’मध्ये शब्द अर्ध्यावरच संपतात, पुढे मस्टेन आणि फ्रीडमन आळीपाळीने सोलो वाजवत राहतात. सवाल-जवाब ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हा भाग लगेच लागतो. ‘टॉर्नेडो ऑफ सोल्स’मधला फ्रीडमनचा सोलो तर गिटार शिकणाऱ्यांसाठी धडाच आहे. वेग आहे, पण प्रत्येक सूर गाता येईल असा.

नव्वदच्या दशकात गाणी आखूड झाली. ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ (१९९२) बिलबोर्डच्या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, आणि थ्रॅश बँडच्या नावावर खरोखरच्या ‘हिट’ जमा झाल्या: ‘सिंफनी ऑफ डिस्ट्रक्शन’, ‘स्वेटिंग बुलेट्स’. पहिल्याची रिफ मोजक्याच सुरांची असल्याने नवशिक्यांच्या हाती ती लवकर बसते. ‘अँग्री अगेन’ हे १९९३च्या ‘लास्ट अ‍ॅक्शन हीरो’ या चित्रपटासाठी केलेले गाणेही संग्रहात आहे. ‘आ तू ल माँद’चा व्हिडिओ आत्महत्येला उत्तेजन देतो असे ठरवून एमटीव्हीने दाखवला नव्हता; मरणाऱ्या माणसाने आप्तांचा घेतलेला निरोप एवढेच ते गाणे आहे.

तिसऱ्या सीडीवर ‘रिस्क’ (१९९९) या अल्बममधले ‘वाँडरलस्ट’ आहे. बँड थ्रॅशपासून सर्वांत दूर गेला तो या अल्बमात, आणि जुने श्रोते तेव्हा फार नाराज झाले. एका गाण्यापुरती त्याची नोंद ठेवली आहे, पण ती पुसलेली नाही. पुढे ‘ड्रेड अँड द फ्युजिटिव्ह माइंड’ (२००१) आणि ‘ब्लॅकमेल द युनिव्हर्स’ (२००४) ही गाणी येतात. ऐकणाऱ्याला त्यांच्यामधला काळ जाणवतही नाही, पण त्या काळात बँड अस्तित्वातच नव्हता. जानेवारी २००२मध्ये मस्टेन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपी गेला आणि डाव्या दंडातली नस दबून निकामी झाली. बोटांना जोर उरला नाही. त्याने बँड मोडल्याचे जाहीर केले. कित्येक महिने उपचार आणि व्यायाम केल्यावर त्याला गिटार जवळपास नव्याने शिकावी लागली. ‘ब्लॅकमेल द युनिव्हर्स’मधली धावती रिफ ही त्यानंतरची आहे, हे ठाऊक असले की ती वेगळी ऐकू येते.

नंतरच्या अल्बमांना एकेक गाणे देऊन निवड ‘डिस्टोपिया’पाशी पुन्हा रेंगाळते. ब्राझीलचा गिटारवादक किको लुरेरो याच्या येण्याने बँडला आलेली नवी धार मस्टेनला दाखवायची असावी. माझ्या मते इथे एखादे गाणे कमी करून मधल्या काळाला, विशेषतः ‘एंडगेम’ला, आणखी जागा द्यायला हवी होती.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना मेगाडेथ माहीत झाला तो कॅसेटमधून आणि मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात होणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’सारख्या कार्यक्रमांमधून, जिथे इथलेच बँड परदेशी गाणी वाजवत. प्रत्यक्ष मेगाडेथ भारतात आला तो १५ मार्च २००८ रोजी, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मुंबई-पुण्याहूनही श्रोते त्यासाठी गेले होते.

संग्रहाचे शेवटचे गाणे ‘डिस्टोपिया’. अनेक नामांकनांनंतर बँडला पहिले ग्रॅमी मिळाले ते याच गाण्यासाठी, फेब्रुवारी २०१७मध्ये. मस्टेन पुरस्कार घ्यायला चालत निघाला तेव्हा समारंभाच्या वाद्यवृंदाने मेटॅलिकाचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजवले. त्याने चालता चालता हवेतल्या हवेत त्याची रिफ वाजवून दाखवली.

संग्रह निघाल्यावर तीनच महिन्यांनी, जून २०१९मध्ये, मस्टेनने घशाचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. उपचारांनंतर तो पुन्हा गाऊ लागला आणि २०२२मध्ये सोळावा अल्बम आला. २०२५मध्ये त्याने पुढचा अल्बम शेवटचा असल्याचे आणि निरोपाचा दौरा करणार असल्याचे सांगितले. त्या अल्बमसाठी मेगाडेथने ‘राइड द लायटनिंग’ नव्याने वाजवले. मूळ गाणे मेटॅलिकाचे, १९८४चे. त्याच्या श्रेयनामावलीत मस्टेनचेही नाव आहे.