बेटकुळीचा फुगता घेर

जी. आय. जो हा अमेरिकेतल्या मुलांचा लाडका खेळण्यातला सैनिक. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या वेगवेगळ्या पिढ्या जमवल्या, टेप लावून मोजल्या आणि हा सैनिक ५ फूट १० इंच उंचीचा माणूस असता तर, असा हिशेब मांडला. १९६४च्या जोच्या दंडाचा घेर भरला सुमारे १२ इंच. म्हणजे आपल्या गल्लीतला कुठलाही धडधाकट तरुण. नव्वदच्या दशकातल्या ‘एक्स्ट्रीम’ जोचा दंड मात्र जवळपास २७ इंच निघाला! एवढी बेटकुळी त्या काळच्या नामांकित शरीरसौष्ठवपटूंनाही जमली नव्हती.

माणसाचे स्नायू मेहनतीने वाढतात, पण हवे तितके नाही. ही मर्यादा मोजायची तर शरीराच्या वजनातून चरबी वजा करायची आणि उरलेल्या किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. पोप यांच्याच गटाने १९९५ साली दाखवलं, की स्नायू फुगवणारी स्टेरॉइड औषधं न घेणाऱ्या खेळाडूंचा हा आकडा साधारण २५च्या आसपास थांबतो, घेणाऱ्यांचा त्यापुढे जातो. ही काही दगडावरची रेघ नाही, एखादा अपवाद निघतोच. पण पडद्यावरचं शरीर पाहताना ती लक्षात ठेवावी.

सिक्स पॅकचं गौडबंगाल आणखी निराळं. पोटाचा तो स्नायू सगळ्यांनाच असतो. त्याला आडवे छेद देणाऱ्या पट्ट्या किती आणि कशा, हे जन्मतःच ठरतं. व्यायामाने तो जाड होतो, पण दिसतो तो वरची चरबी उतरल्यावरच. चित्रीकरणाआधी काही नट पाणीही तोडतात, म्हणजे कातडी स्नायूंना चिकटल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यासमोर सर्वांत बलदंड दिसणारा नट त्या दिवशी बहुधा सर्वांत थकलेला असतो. ‘ओम शांती ओम’मध्ये २००७ साली शाहरुखचे सिक्स पॅक झळकले आणि त्यानंतर नायकाचा शर्ट उतरणं जणू पटकथेचाच भाग झालं. कोल्हापूरच्या तालमीतल्या जड वजनाच्या मल्लाचं पोट मात्र सुटलेलं असलं तरी चालतं. त्याचं शरीर समोरच्याला उचलण्यासाठी घडलेलं असतं, दिसण्यासाठी नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो पोप यांच्या गटाचाच २००० सालचा अभ्यास. अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या तरुणांना आदर्श शरीर निवडायला सांगितलं. त्यांनी स्वतःपेक्षा सुमारे १३ किलो जास्त स्नायू असलेलं शरीर निवडलं. स्त्रियांनाही असंच आवडत असणार, असा त्यांचा ठाम समज. स्त्रियांना प्रत्यक्ष विचारल्यावर त्यांनी साध्यासुध्या बांध्याला पसंती दिली.

आरशात स्वतःचं शरीर सतत किरकोळच दिसत राहण्याच्या आजाराला ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हणतात. काहींची वाट तिथून स्टेरॉइडच्या इंजेक्शनपर्यंत जाते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आलं, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना दिला जाणारा हुकूम थांबवते. दंड वाढतात, वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. काही तरुणांना हे कळतं ते मूल का होत नाही याची तपासणी करताना. इंजेक्शनं थांबवल्यावरही गाडी रुळावर यायला कित्येक महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त.