जुन्या मोटारगाडीचा सुरू होतानाचा धूर : निदान

मोटारगाडीचे इंजिन थंड असताना सुरू केल्यावर सायलेन्सरमधून जो धूर निघतो, त्याचा रंग, वास, दाटपणा आणि टिकण्याचा काळ यांवरून इंजिनातील दोष ओळखण्याची पद्धत. सुस्थितीतील गाडी सुरू होताना डोळ्यांना दिसेल असा धूर सहसा सोडत नाही. हवा गार असेल तर पाण्याची वाफ तेवढी दिसते. गाडी जुनी झाली की रबरी सील कडक होतात, पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती झिजतात, हेड गॅस्केटची (सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या चकतीची) पकड सैल होते. मग रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात जे काही झिरपले असेल, ते पहिल्या काही फेऱ्यांत जळून बाहेर येते. हा पहिला धूर पाहायला मिळणे निदानासाठी फार मोलाचे असते, कारण इंजिन एकदा तापले की त्यातला बराच पुरावा नाहीसा होतो. तपासणीसाठी गाडी चालवत नेली आणि तिथे तापलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहिले, तर या धुराबद्दल काहीच कळत नाही.

पांढरा धूर पाण्याचा, निळा तेलाचा आणि काळा इंधनाचा, हे सूत्र सर्वांना ठाऊक असते. ढोबळमानाने ते बरोबर आहे; पण केवळ रंग पाहून इंजिन उघडायला घेणे घाईचे ठरते. गाडी किती वेळ उभी होती, धूर नेमका केव्हा आला आणि किती वेळाने थांबला, या तीन गोष्टींतून रंगापेक्षा अधिक खात्रीची माहिती मिळते.

रंगाची कारणमीमांसा : तेलाच्या धुराला निळा रंग तेलाच्या स्वतःच्या रंगामुळे येत नाही. ज्वलनकक्षात शिरलेल्या तेलाचा काही भाग न जळता वाफेच्या रूपाने बाहेर पडतो आणि नळीत थंड होऊन त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. थेंब याहून लहान असले, तर ते आखूड तरंगलांबीचा म्हणजे निळा प्रकाश जास्त विखुरतात. जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास सूक्ष्म कणांच्या ढगांवर प्रयोग केले आणि जॉन विल्यम स्ट्रट (पुढे लॉर्ड रॅली) यांनी १८७१ मध्ये या विकिरणाचे गणित मांडले. तेलाच्या धुराचा निळेपणा त्याच तत्त्वाने स्पष्ट होतो. थेंब तरंगलांबीइतके किंवा त्याहून मोठे झाले, की सर्व रंग जवळपास सारखेच विखुरले जातात आणि ढग पांढरा दिसतो. अशा मोठ्या कणांचे गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये दिले. काजळी मात्र मुख्यतः प्रकाश शोषून घेते, म्हणून ती काळी दिसते.

या भौतिकीतून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात आणि दुरुस्तीच्या पुस्तिकांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. पहिली : तेलाचा धूर गडद पार्श्वभूमीवर निळा दिसतो, पण तोच धूर उजळ आकाशासमोर किंवा उन्हाच्या दिशेने पाहिला तर पिवळट-तपकिरी भासतो. त्यामुळे सूर्य पाठीमागे ठेवून आणि धुरामागे एखादी गडद भिंत किंवा झाडी येईल असे उभे राहून पाहावे. दुसरी : धूर हवेत रेंगाळला की थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि निळसर छटा जाऊन करडा-पांढरा रंग येतो. थंड हवेत पाण्याची वाफही त्यात मिसळते. म्हणजे तेलाचा दाट धूर दोन-तीन मीटर अंतरावरून कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) धुरासारखा दिसू शकतो. रंग ठरवायचा तर तो सायलेन्सरच्या तोंडाशीच, धूर बाहेर पडता पडता ठरवावा.

धुराचा काळेपणा मोजण्यासाठी फ्रेंच प्राध्यापक माक्सिमिलियँ रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास तयार केलेला तक्ता प्रसिद्ध आहे. त्यात ० ते ५ अशा पायऱ्या असून प्रत्येक पायरीला काळेपणा २० टक्क्यांनी वाढतो. तो मुळात कारखान्यांच्या चिमण्यांसाठी होता. निळ्या व पांढऱ्या धुराला तो लागू पडत नाही, म्हणून प्रस्तुत विषयात त्याचा उपयोग मर्यादितच आहे.

निळा धूर : सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येतो आणि काही सेकंदांत किंवा फार तर मिनिटभरात थांबतो, हे जुन्या पेट्रोल गाडीचे सर्वांत परिचित लक्षण. त्याचे कारण बहुधा झडपांच्या दांड्यांवरील सील असतात. झडपा सिलिंडरच्या वर, हेडमध्ये असलेल्या इंजिनात कॅमशाफ्टच्या भागातले तेल झडपेच्या दांडीवरून आणि गाईडमधून (दांडी ज्यात सरकते त्या नळीतून) खाली उतरू पाहते. सील त्याला अडवतो. जुन्या सीलांसाठी वापरले जाणारे नायट्राइल रबर सु. १०० ते १२० अंश से. तापमानापर्यंत टिकते. वर्षानुवर्षे तापून ते कडक होते, त्याची कड झिजते आणि दांडीभोवती फट राहते. गाडी उभी असताना तेल थेंबाथेंबाने झडपेच्या पाठीवर किंवा पिस्टनच्या माथ्यावर साचते. पुढे वापरात आलेले फ्लोरोरबराचे सील सु. २०० अंशांपर्यंत तग धरतात. याउलट झडपा बाजूला, ब्लॉकमध्ये असलेल्या इंजिनांत (उदा., १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्ड मॉडेल टी) दांडी झडपेच्या खाली असते. तिथे तेल या वाटेने ज्वलनकक्षात ओघळू शकत नाही, म्हणून अशा गाडीच्या पहिल्या निळ्या धुराचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

या लोटाच्या कारणाबद्दल तंत्रज्ञांत मतभेद आढळतात. एका मतानुसार दोष मुख्यतः रिंगांचा : ॲल्युमिनियमचा पिस्टन थंड असताना आकसलेला असतो, पिस्टन व सिलिंडर यांतील फट मोठी असते, रिंगा नीट बसलेल्या नसतात, म्हणून सुरुवातीला तेल वर चढते आणि पिस्टन प्रसरण पावला की धूर थांबतो. दुसऱ्या मतानुसार दोष सील व गाईडचा असून धुराचे प्रमाण गाडी किती वेळ उभी होती यावर ठरते. पहिले मत निराधार नाही. थंड पिस्टनमागची फट खरोखरच मोठी असते. पण रिंगांचा दोष असेल तर इंजिन थंड असताना प्रत्येक वेळी धूर साधारण सारखाच यायला हवा आणि चढावर किंवा ओझे ओढतानाही तो दिसायला हवा. तीन तास उभी राहिलेली गाडी थोडा धूर सोडते आणि तीन दिवस उभी राहिलेली बराच, असे दिसले तर साचलेल्या तेलाचे, म्हणजे सीलचे स्पष्टीकरण अधिक पटते. जुन्या गाडीत दोन्ही दोष एकत्र असणे मात्र मुळीच दुर्मीळ नाही.

या दोहोंत फरक करण्याची एक सोपी चाचणी आहे. इंजिन पूर्ण तापवून चार-पाच मिनिटे आयडलिंगवर सोडावे. या स्थितीत थ्रॉटल (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) जवळपास बंद असतो आणि पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) पाऱ्याच्या सु. ४०० ते ५५० मिमी. एवढा निर्वात तयार होतो; तो गाईडमधून तेल ओढत राहतो. मग एकदम रेस द्यावी. निळा लोट येऊन लगेच विरला तर सील किंवा गाईड, आणि रेस वाढवत ठेवल्यावर धूरही टिकून राहिला तर रिंगा, असा निष्कर्ष काढतात. लांब उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये उतरवली आणि खाली आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला, तर त्याचाही अर्थ सील किंवा गाईडचा दोष असाच. डिझेल इंजिनात सहसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे असा निर्वात तयार होत नाही आणि ही चाचणी तिथे लागू पडत नाही.

स्पार्क प्लगही साक्ष देतो. सर्व प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. टोकाचा एकच बाजूचा भाग तेलकट आणि काळा असेल व ती बाजू इनटेक झडपेकडची असेल, तर तेल वरून आले असे समजावे. संपूर्ण टोक आणि आटे तेलाने माखलेले असतील, तर ते खालून, रिंगांच्या बाजूने आल्याची शक्यता अधिक. यासाठी काढण्यापूर्वी प्रत्येक प्लगची दिशा खुणेने नोंदवून ठेवावी लागते, अन्यथा या निरीक्षणाला अर्थ उरत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (बाहेर पडणाऱ्या धुरातील घातक वायू कमी करणारे उपकरण) असलेल्या गाड्यांत आणखी एक फसगत संभवते. कन्व्हर्टर सु. २५० ते ३०० अंश से. तापल्यावर काम करू लागतो आणि मग तेलाची बरीचशी वाफ आतच जाळून टाकतो. म्हणजे धूर थांबला, पण तेल जळणे थांबले नाही, असे होऊ शकते. अशा गाडीत धुरापेक्षा डिपस्टिकवर (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) विश्वास ठेवावा : ठरावीक किलोमीटर चालवून तेल किती घटले ते मोजावे. तेलातील फॉस्फरस कन्व्हर्टरमधील उत्प्रेरकावर साचून तो निकामी करतो, हे या दुर्लक्षाचे महागडे फळ.

क्रँककेसमधील वायू इनटेककडे नेणारी झडप अडकणे, तेल प्रमाणाबाहेर भरलेले असणे आणि टर्बोचार्जरचे सील गळणे, ही निळ्या धुराची अन्य कारणे. पहिल्या दोन गोष्टी काही मिनिटांत तपासून होतात, म्हणून हेड उतरवण्याआधी त्या पाहून घ्याव्यातच. आडव्या सिलिंडरांच्या इंजिनांत, उदा., पोर्शे ९११ मध्ये, उभ्या गाडीत तेल सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचू शकते; तिथे अधूनमधून येणारा पहिला लोट दोष मानत नाहीत. वांकेल इंजिनात (यात पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असतो) तर सील वंगणित राहावेत म्हणून थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडलेले असते.

पांढरा धूर : एक लिटर पेट्रोल जळताना सु. ०.९ लिटर पाणी तयार होते. नळीचे तापमान सु. ५० अंशांखाली असेपर्यंत त्याचा काही भाग आतच द्रवरूप होतो. म्हणून थंड गाडीच्या सायलेन्सरमधून पाणी ठिबकणे आणि वाफ दिसणे स्वाभाविक आहे. ही वाफ काही हातांवर विरते, तिला वास नसतो आणि नळी तापली की ती थांबते. कूलंट जळत असेल तर धूर दाट असतो, जमिनीलगत रेंगाळतो, इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि एथिलीन ग्लायकॉलमुळे त्याला गोडसर वास येतो.

हेड गॅस्केटची गळती सुरुवातीला लहान असते, तेव्हा ती फक्त सकाळी दिसते. गरम इंजिन बंद केल्यावर शीतन यंत्रणेतील दाब काही काळ टिकून राहतो. सिलिंडरमधला दाब मात्र नाहीसा झालेला असतो. त्यामुळे कूलंट फटीतून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होताना एक सिलिंडर चुकतो (त्यातले मिश्रण पेटत नाही), गाडी थरथरते, पांढरा लोट येतो आणि अर्ध्या मिनिटात सारे सुरळीत होते. त्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा निघाला, तर संशय पक्का होतो. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रवातून खेचली आणि द्रव पिवळा पडला, तर त्या हवेत कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणजे ज्वलनाचे वायू शीतन यंत्रणेत शिरत आहेत. तेल ओतायच्या झाकणाखालचा पिवळट-पांढरा थर मात्र पुरेसा पुरावा नव्हे; रोज थोडेच अंतर धावणाऱ्या निर्दोष गाडीतही ओलाव्यामुळे तो जमतो. डिपस्टिकवरचे तेलच दुधाळ दिसले तर गोष्ट गंभीर.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा मागचा सील गळून ब्रेक ऑइल बूस्टरमधून (इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या, ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्यातून) इनटेकमध्ये ओढले गेले, तरीही पांढरा दाट धूर येतो. कूलंट घटत नाही आणि तरी धूर आहे, अशा वेळी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. हा दोष धुरापेक्षा ब्रेकच्या दृष्टीने अधिक धोकादायक आहे.

डिझेल गाडीत थंड सुरुवातीचा पांढरा-करडा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल. एखादा ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारी विजेची कांडी) निकामी असणे हे त्याचे नेहमीचे कारण. कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी होणे, इंजेक्शनची वेळ मागे पडणे आणि नोझल ठिबकणे ही इतर.

काळा धूर : मिश्रणात इंधन जास्त आणि हवा कमी झाल्याचे लक्षण. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सु. १४.७ पट हवा लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारा पडदा) अडकणे किंवा फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगकाची) सुई गळणे, इंजेक्शनच्या गाडीत तापमापक सेन्सर बिघडून इंजिन सतत थंड असल्याचा संकेत जाणे, आणि दोहोंत एअर फिल्टर तुंबणे ही कारणे होत. चोक ओढलेला असताना क्षणभर दिसणारा काळसर धूर दोष नव्हे.

पुढील तपासण्या : धुरावरून बांधलेला अंदाज कॉम्प्रेशन चाचणीने पडताळतात. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार दाब मिळतो. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत संशयास्पद समजतात. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून चाचणी पुन्हा घेतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास झडपा किंवा गॅस्केट. झडपांचे सील खराब असले तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते, हे इथे विशेष लक्षात ठेवावे. चांगला आकडा आला म्हणून निळ्या धुराचा प्रश्न मिटत नाही.

खबरदारी : सिलिंडरमध्ये कूलंट साचल्याचा संशय असेल तर स्टार्टर मारू नये. द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढून इंजिन फिरवावे. कूलंट विषारी असल्याने ते चाखून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. धुराची तपासणी उघड्यावरच करावी, कारण बंद गॅरेजमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग आणि वास नसतो.