डायबिटीसवाल्यांमध्ये भुकेचा हार्मोन जास्त असतो का?

डायबिटीस असलेल्या माणसाने जेवून तासभर होत नाही तोच पुन्हा खायला मागितलं की घरचे म्हणतात जिभेवर ताबा नाही, आणि थोडंफार वाचलेले म्हणतात याच्या अंगात भुकेचा हार्मोन जास्त बनत असणार. पहिलं बोलणं अन्यायाचं आहे आणि दुसरं जवळजवळ उलटं.

हा हार्मोन म्हणजे घ्रेलिन. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांच्या टीमने तो उंदरांच्या जठरात शोधला. जेवायची वेळ झाली की रक्तात चढतो, जेवलं की उतरतो. टाइप २ मध्ये, त्यातही वजन जास्त असेल तर, उपाशीपोटी घ्रेलिन सडपातळ निरोगी माणसापेक्षा सहसा कमीच सापडतं! मात्र वजन जास्त असलेल्यांमध्ये जेवणानंतर ते जितकं उतरायला हवं तितकं उतरत नाही.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. घ्रेलिन ही २८ अमिनो आम्लांची साखळी, आणि तिच्या तिसऱ्या कडीला, सेरीनला, आठ कार्बनचं एक फॅटी अ‍ॅसिड चिकटवलेलं असतं. ही शेपटी नसेल तर घ्रेलिन मेंदूतल्या आपल्या रिसेप्टरवर नीट बसतच नाही, म्हणजे भुकेचा निरोप पोचत नाही. शेपटी चिकटवणारं एन्झाइम २००८ मध्ये सापडलं, त्याचं नाव गोट. रक्तातलं बरंचसं घ्रेलिन बिनशेपटीचंच असतं, आणि सॅम्पल काढल्यावरही शेपटी गळत राहते म्हणून ते लगेच थंड ठेवून त्यात अ‍ॅसिड घालावं लागतं. तेव्हा कुणी नुसतं ‘घ्रेलिन इतकं आलं’ म्हणालं तर आधी विचारायचं, शेपटीवालं मोजलंत की सगळं मिळून? म्हणूनच ‘भुकेचे हार्मोन बॅलन्स’ करून देणाऱ्या पावडरींच्या जाहिराती बघून मला खरंच राग येतो, बॅलन्स नेमका कशाचा ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

मग भूक येते कुठून? टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नष्ट होतात, आणि पोट भरल्याचं सांगणारा अमायलिन हार्मोन त्याच पेशी बनवतात, त्यामुळे तोही जातो. उपचार सुरू झाले नसतील तर साखर लघवीतून वाहून जाते, चरबी वितळते, चरबीतून येणारं लेप्टिन घसरतं आणि मेंदूला वाटतं उपासमार चालू आहे. वजन जास्त असलेल्या टाइप २ वाल्यांमध्ये बहुधा उलट, लेप्टिन भरपूर असतं पण मेंदू त्याला दाद देत नाही. भूक दोघांचीही खरीच.

आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक कडकडून भूक लागली, घाम फुटला, हात थरथरले, तर ती साखर खाली गेल्याची भूक असू शकते. तेव्हा लगेच ग्लुकोमीटर लावायचा, आणि ७० च्या खाली आकडा आला तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात घालायचं.