कॉर्डलेस रोटरी हॅमर ड्रिल : सुरक्षित वापर

कॉर्डलेस रोटरी हॅमर ड्रिल म्हणजे फिरता फिरता ठोके देऊन काँक्रीट, वीट व दगडात भोक पाडणारे, बॅटरीवरचे हातयंत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात वायरमन, प्लंबर, सीसीटीव्ही आणि सोलर बसवणारे यांच्या पिशवीत ते आता सर्रास दिसते. बोलण्यात त्याचे नाव ‘हॅमर मशीन’ आणि कामाचे नाव ‘होल मारणे’. लाईट गेली तरी काम अडत नाही, मळ्यातल्या मोटारघरापर्यंत वायर ओढत न्यावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय. वायर गेली तसे वायरीत पाय अडकण्याचे आणि सोललेल्या वायरीचा शॉक बसण्याचे धोकेही गेले. बाकीचे धोके मात्र जागच्या जागी आहेत. ‘बॅटरीचं तर मशीन, काय हुतंय?’ या भरवशाने ते थोडे वाढलेच आहेत.

यंत्रणा : साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात आणि ठोक्याचा जोर माणसाच्या रेट्यातून येतो. रोटरी हॅमरमध्ये मोटर एका दट्ट्याला मागेपुढे हलवते. दट्ट्या आणि आतला छोटा घण यांच्यामध्ये कोंडलेली हवा, सायकलच्या पंपात दाबावी तशी दाबली जाते आणि घणाला पुढे फेकते. १८ व्होल्टच्या हलक्या मशीनचा एक ठोका साधारण २ ज्यूलचा असतो आणि मिनिटाला असे चार-पाच हजार ठोके पडतात. त्यामुळे मशीन नुसते टेकवून धरायचे असते. अंगाचा भार टाकला तर भोक लवकर पडत नाही, फक्त बिट (भोक पाडणारी पोलादी सळी) तापते आणि हात लवकर दमतो. बॉश कंपनीने असा हॅमर १९३२ मध्ये बाजारात आणला आणि १९७५ मध्ये एसडीएस चक, म्हणजे खाचांच्या बिटाला धरणारी पकड, आणला. आजच्या हलक्या मशीनमधल्या एसडीएस-प्लस बिटाचा दांडा १० मिमी जाडीचा आणि खाचांचा असतो. बिट चकमध्ये थोडे पुढेमागे सरकते. नवशिक्याला तो बिघाड वाटतो, पण ठोका पोचण्यासाठी ते तसेच हवे. दांड्याला किंचित ग्रीस लावावे. बिट बदलताना आधी बॅटरी काढावी, कारण खटक्यावर चुकून बोट पडायला वेळ लागत नाही.

भिंत ओळखणे : या भागात खरी मेख इथे आहे. एकाच घराला तीन-चार जातींच्या भिंती असतात. मागचे जुने घर पांढऱ्या मातीचे किंवा भेंड्यांचे (कच्च्या मातीच्या विटांचे), मधली खोली जांभ्या चिऱ्यांची, पुढे वाढवलेली खोली विटांची आणि वर स्लॅब टाकलेला. गिलावा आणि रंग सगळ्यावर सारखाच, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही. कळतो तो भुकटीवरून. ठोका बंद ठेवून, नुसते फिरवून बोटाच्या पेराएवढे भोक पाडावे आणि काय बाहेर येते ते पाहावे. राखाडी आले तर काँक्रीट, नारिंगी-लाल आले तर वीट, गडद तांबूस आणि दमट आले तर जांभा, फिकी माती भसाभस आली तर जुनी मातीची भिंत.

ठोक्याचा खटका यानंतरच लावायचा. काँक्रीटला आणि चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या दगडाला ठोका हवाच. विटेला थोडका पुरतो. खानापूर भागातला जांभा सच्छिद्र असतो. ठोक्याने भोक आतून रुंदावते आणि स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग गरगर फिरत राहतो. तिथे नुसते फिरवून भोक घ्यावे, प्लग लांब वापरावा आणि गिझरसारखे जड काही टांगायचे असेल तर रासायनिक अँकरचा, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवायच्या बोल्टचा, विचार करावा. मातीच्या भिंतीला ठोका देऊच नये, गिलाव्यासकट ढेपा सुटतात. जुन्या घरांत कोनाडे आणि खुंट्या बांधतानाच बसवून घेत, ते उगीच नव्हे. टाइल्सवरही आधी नुसते फिरवून चकाकी फोडावी, टाइल पार झाल्यावरच ठोका लावावा. सिमेंटचे पत्रे ही निराळीच गोष्ट आहे. त्यांत बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोगापर्यंत पोचवू शकतात. अशा पत्र्याला हॅमर लावू नये.

सळईत अडकणे : हाताला सर्वाधिक इजा यातून होते. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या परिस्थितीत स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचे आवरण किमान २० मिमी आणि कॉलमच्या सळईवर साधारणपणे ४० मिमी असते. म्हणजे पंख्यासाठी किंवा पाइपच्या क्लॅम्पसाठी घेतलेले भोक सळईच्या टप्प्यात सहज येते. बिट सळईला लागले की आवाज बदलतो. भरीव घरघर जाऊन टणटण ऐकू येते आणि भुकटी थांबते. तिथेच थांबावे, चालू मशीननेच बिट बाहेर घ्यावे आणि दोन बोटे सरकून दुसरे भोक घ्यावे. बीम-कॉलमची सळई कापून पुढे जाणे इमारतीला घातक आहे. बिट अडकून बसले तर ते फिरायचे थांबते आणि मशीनच उलटे फिरू पाहते. आतला क्लच घसरून बराच जोर खातो, काही नव्या मशीनांत झटका ओळखून मोटर बंद करणारा सेन्सरही असतो, तरी १२ मिमीच्या पुढच्या बिटाचा पीळ एका हाताला आवरत नाही. म्हणून बाजूचा दांडा बसवायचा आणि दोन्ही हात लावायचे. ‘छोटंच होल हाय’ म्हणून तो दांडा खोक्यातच ठेवणारे खूप आहेत. झटका शिडीवर असताना बसला तर मनगटापुरते निभत नाही. मशीनला दोन्ही हात लागत असल्याने शिडी धरायला हात उरत नाही. उंचावरच्या कामाला घोडा किंवा परांची घ्यावी. गळ्यातला टॉवेल, मनगटातले कडे किंवा दोरा, ओढणी, ढिले हातमोजे फिरत्या बिटापासून लांब ठेवावेत.

लपलेली वीज : मशीनची बॅटरी १८ व्होल्टची असली तरी भिंतीतली लाईन २३० व्होल्टची असते आणि मशीनचे पुढचे तोंड धातूचे. जुन्या घरांत केसिंग-पट्टीची वायरिंग डोळ्यांना दिसते, नव्या घरांत ती गिलाव्याखाली असते. साधारणपणे पाइप स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा आडवा जातो, म्हणून बोर्डाच्या रेषेत भोक घेऊ नये. मेन पाडली तरी घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची लाईन चालू राहते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सोलर पॅनेलपासून येणाऱ्या तारा तर ऊन आहे तोवर जिवंतच असतात. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरात नळाचे पाइप कुठून गेलेत तेही विचारून घ्यावे. घर बांधतानाचे मोबाइलवरचे फोटो मालकाकडे असले तर त्यांच्याइतके कामाचे दुसरे काही नाही.

धूळ : काँक्रीटमधल्या वाळूत आणि गोकाक परिसरातल्या वालुकाश्मात व क्वार्ट्झाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, भरपूर असते. तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात खोल रुततात. वर्षानुवर्षे साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत, त्याची नोंद झाली. काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, धुळीत मुक्त सिलिका कमी असते. पण घरकामात जास्त भोके काँक्रीटलाच पडतात. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. मशीनला धूळ ओढणारी जोडणी असेल तर उत्तमच. छताला भोक घेताना प्लास्टिकच्या वाटीला बुडाशी छिद्र पाडून ती बिटावर चढवली तरी निम्मे काम होते, भुकटी डोळ्यांत येत नाही. गॉगल मात्र तरीही हवा. भोक साफ करताना तोंडाने फुंकू नये. हातपंपाने फुंकर मारावी किंवा व्हॅक्यूम लावावा.

आवाज व कंप : आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो, त्यामुळे कानात बोळे हवेत. सततच्या कंपाने बोटांना मुंग्या येऊ लागल्या, थंडीत ती पांढरी पडू लागली, तर ते लक्षण किरकोळ धरू नये. दिवसभर छिन्नीच्या खटक्यावर, म्हणजे न फिरवता नुसते ठोके देत, काम करणाऱ्यांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो. त्यांनी आळीपाळीने मशीन धरावे.

बॅटरी : पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल ओळीने जोडलेले असतात. त्यांची बेरीज १८. पूर्ण चार्ज झाल्यावर एक सेल ४.२ व्होल्टला जातो, म्हणून काही खोक्यांवर तोच पॅक २० किंवा २१ व्होल्टचा म्हणून छापतात. मोठ्या आकड्याला भुलून जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला तापलेला पॅक लगेच चार्जरला लावू नये, आधी सावलीत निवू द्यावा. खानापूरकडच्या पावसात उघड्यावर मशीन चालवू नये, ही यंत्रे पाण्यासाठी केलेली नसतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॅकमध्ये सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट कधी कच्चे असते, कधी नसतेच; असा पॅक रात्रभर चार्जरवर ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण. फुगलेला किंवा स्लॅबवरून पडून चेपलेला पॅक उघडू नये, भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा तो दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये परत द्यावा. नेईपर्यंत त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि तो खिळे-स्क्रूच्या डब्यात ठेवू नये.