किल्ली फिरवण्याआधी दोन तास

उणे २५ अंशांच्या पहाटे गाडी सुरू झाली नाही की सगळे बॅटरीला बोल लावतात. बॅटरी खरंच अर्धमेली झालेली असते, कारण गारठ्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. पण दोष एकट्या तिचा नसतो. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं, म्हणजे अशक्त माणसाच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जड ओझं. त्यातूनही इंजिन कसंबसं फिरलंच, तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पेट्रोलची वाफ धरत नाही. गार भिंतींवर ते थेंबाथेंबाने बसून राहतं आणि ठिणगीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. डिझेल इंजिनात तर ठिणगीच नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर इंधन पेटवायचं, हा त्याचा धर्म. पण दाबाने तापलेल्या हवेतली उष्णता भोवतालचं गार लोखंडच पिऊन टाकतं.

या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: धातू गार आहे. मग तो आधीच तापवून ठेवावा, हे कुणालाही सुचेल. उत्तर ध्रुवाकडच्या मुलुखात छोटी विमानं उडवणारे वैमानिक रात्री इंजिनातलं तेल काढून घरात नेत आणि सकाळी चुलीवर गरम करून परत ओतत. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स इथे राहणारे विद्युत अभियंते अँड्र्यू फ्रीमन यांनी विजेचा मार्ग धरला. इंजिनाचं डोकं ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य धडावर, आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकी एक काढायचा आणि त्या जागी आत तापणारी तार असलेला बोल्ट बसवायचा, अशी त्यांची कल्पना होती. १९४९ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. पुढे बोल्टाऐवजी थेट कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरणाऱ्या द्रवात, बुडवलेले हीटर जास्त रुळले. आज कॅनडाच्या गवताळ प्रांतांमध्ये गाड्यांच्या जाळीतून लोंबणारी विजेची पिन कुणाला नवलाची वाटत नाही. फिनलंडमध्ये घरांच्या नि कचेऱ्यांच्या वाहनतळांवर खांब असतात, त्यावर टायमर लावलेलं सॉकेट असतं.

गंमत म्हणजे हे यंत्र, आधीच तापवून ठेवणारा म्हणून प्रीहीटर, दिसायला अगदीच किरकोळ आहे. बादलीत पाणी तापवायचा रॉड आठवा, त्याचाच हा धाकटा भाऊ. धातूची नळी, आत वळवलेली तार आणि दोघांच्या मधे ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. ही भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. असा गुणांचा मेळ फार थोड्या पदार्थांत सापडतो, आणि पाण्यात वीज नेण्याचं धाडस त्याच्याच भरवशावर करता येतं. छोट्या गाडीच्या हीटरची ताकद साधारण ४०० ते ६०० वॅट असते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीपेक्षाही कमी.

एवढ्याशा हीटरने अख्खं इंजिन कसं तापणार? हिशोब करून बघू. समजा लोखंड आणि अॅल्युमिनियम मिळून इंजिनाचा धातू १०० किलो आहे. तो एक अंशाने तापवायला साधारण ६० किलोज्यूल लागतात. पाणी आणि ते गोठू न देणारं ग्लायकोल निम्मेनिम्मे असलेलं सहा लिटर कूलंट आणखी २० किलोज्यूल घेतं आणि चार लिटर तेल ७ च्या आसपास. एकूण ८७ धरा. उणे २० वरून अधिक २० वर न्यायचं, म्हणजे ४० अंश, तर सुमारे ३,५०० किलोज्यूल झाले. विजेच्या मीटरच्या भाषेत हे जेमतेम एक युनिट. उष्णता बाहेर निसटलीच नाही, तर ६०० वॅटच्या हीटरला एक तास चाळीस मिनिटं पुरतील.

आता कुणी म्हणेल, एक युनिटच तर हवंय, मग भिंतीतली वीज कशाला? गाडीच्याच बॅटरीवर चालवू. साठ अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्यात ०.७२ युनिट असतं, आणि तेही गारठलेली नसताना. ती पूर्ण रिकामी केली तरी इंजिन तापणार नाही आणि वर स्टार्टर फिरवायला काही उरणार नाही. म्हणून विजेचा प्रीहीटर भिंतीतल्या सॉकेटला जखडलेला असतो. जिथे सॉकेट नाही तिथे गाडीतलंच इंधन जाळून कूलंट तापवणारे छोटे बर्नर बसवतात. ते वेगळं प्रकरण आहे.

उष्णता निर्माण करणं सोपं, हे वरच्या हिशोबावरून दिसलंच. खरा पेच आहे तो ती कुठे जाते हा. प्रीहीटर बसवण्याचं काम विजेचं वाटतं, पण त्यात चार आणे वीज आणि बारा आणे नळकाम आहे, असं माझं मत आहे.

बसवायच्या जागा मुख्यतः दोन. पहिली ब्लॉकच्या कुशीत. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटा ठेवण्यासाठी वाळूचे गाभे घालतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला ब्लॉकला गोल भोकं ठेवलेली असतात आणि मागाहून त्यांवर वाटीसारखी पातळ झाकणं ठोकून बसवतात. यांना कोअर प्लग म्हणतात. पाणी गोठलं तर हे प्लग उडून ब्लॉक वाचावा म्हणून ते ठेवलेले असतात, अशी एक समजूत घट्ट रुजलेली आहे आणि त्यावरून त्यांना फ्रॉस्ट प्लग हे नावही पडलं. कधी कधी प्लग तसा उडतोही, पण त्यांचा जन्म वाळू काढण्यासाठीचा. यातलं एक झाकण काढून तिथे हीटर बसवला की तो थेट सिलिंडरांच्या भिंतींना लागून असलेल्या कूलंटमध्ये बुडतो. जागा उत्तम. फक्त झाकण गाठणं जिकिरीचं, कारण ते बहुधा एक्झॉस्टच्या नाहीतर इंजिन-माउंटच्या मागे दडलेलं असतं. शिवाय आत हीटरची वळी शेजारच्या धातूला टेकता कामा नये, नाहीतर तिथे ती जादा तापून जळते.

दुसरी जागा होजमध्ये. कूलंट वाहून नेणारा रबराचा होज कापायचा, मधे हीटरचा डबा बसवायचा, दोन्हीकडे क्लिपा आवळायच्या. हात पोचतो, काम तासाभरात होतं, म्हणून घरच्या घरी करणाऱ्यांना हीच पद्धत आवडते. आणि घोळही इथेच होतात.

इंजिन बंद असताना पाण्याचा पंपही बंद असतो. मग डब्यात तापलेलं कूलंट इंजिनात जाणार कशाच्या जोरावर? स्वतःच्या हलकेपणाच्या. २० अंशांचं एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतं, ८० अंशांचं ९७२ ग्रॅम. हा सव्वीस ग्रॅमांचा फरक, एवढंच काय ते इथलं इंजिन. गरम पाणी वर चढतं, त्याची जागा घ्यायला गार पाणी खालून येतं आणि पंपाशिवाय चक्र सुरू होतं. हे कमी लेखू नका. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपच नव्हता, धावत्या इंजिनाचं सगळं थंडावणं याच फरकावर चालायचं.

पण सव्वीस ग्रॅमांचा जोर फार लाडावलेला असतो. त्याला वाट सरळ आणि चढती हवी. डबा शक्य तितका खाली आणि बाहेर पडणारं तोंड वरच्या बाजूला, हा पहिला नियम. डबा उंचावर बसवला किंवा होजला मधेच उंटासारखं मदार आलं, तर गरम कूलंट त्या उंचवट्यात कोंडून राहतं. डबा खदखदतो, इंजिन गारच.

दुसरी मेख थर्मोस्टॅटची. गार इंजिनात हा झडपेचा पहारेकरी रेडिएटरची वाट बंद ठेवतो. अनेक इंजिनांत तो रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजच्या तोंडाशी असतो. तिथे रेडिएटरकडून येणाऱ्या खालच्या होजमध्ये हीटर टाकला तर गरम कूलंटला ब्लॉकमध्ये चढायला वाट मोकळी मिळते. मात्र पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या बाजूला, इंजिनाच्या प्रवेशद्वाराशी बसवलेला असतो. अशा गाडीत खालच्या होजमधला हीटर बंद दाराच्या बाहेर उभा राहतो. त्याची सगळी मेहनत रेडिएटरवर खर्च होते, आणि रेडिएटर ही वस्तू उष्णता हवेत उधळण्यासाठीच तर घडवलेली आहे! पावसाळी छत्रीला भोक पाडून खाली बादली ठेवण्यासारखाच हा उद्योग. म्हणून होज कापण्याआधी थर्मोस्टॅट कुठे आहे ते बघायचं, कात्री नंतर.

केबिनच्या हीटरकडे जाणारा होज निवडला तर ही अडचण बहुधा टळते, कारण ती वाट थर्मोस्टॅटच्या अलीकडची असते. पण काही गाड्यांत त्या वाटेवर एक झडप असते आणि केबिनचं बटण ‘गार’कडे असेल तर ती मिटलेली असते. तिथे रात्री गाडी लावताना बटण ‘गरम’वर ठेवायची सवय लावावी लागते. काही मोठ्या संचांमध्ये छोटा पंपच दिलेला असतो. मग चढ-उताराची चिंता बरीच कमी होते, फक्त त्या पंपाची दिशा आणि इंजिनाच्या पंपाची दिशा एकमेकांविरुद्ध नाहीत ना, एवढं पाहायचं.

आणि हवा. होज कापला म्हणजे कूलंट सांडलं, म्हणजे आत हवा शिरली. हीटरच्या नळीभोवती हवेचा बुडबुडा अडकला तर उष्णता वाहून न्यायला तिथे कुणीच उरत नाही, नळी लालबुंद होते आणि काही मिनिटांत हीटर कायमचा झोपतो. त्यामुळे नवं कूलंट भरून, इंजिन चालवून, सगळी हवा काढल्यावरच पहिल्यांदा पिन सॉकेटला लावायची. बसवल्या दिवशीच जळालेल्या हीटरचा दोष पुष्कळदा हीटरचा नसतो.

विजेच्या बाजूचं एकच सांगतो, पण ते जिवाशी खेळणारं आहे. गाडी रबराच्या चार टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. हीटरची वीज धातूत उतरली तर अख्खी गाडी भारित होऊन शांत उभी राहील, आणि ओल्या बर्फात पाय रोवून जो कुणी दाराला हात लावेल त्याच्यातून ती जमिनीकडे वाट काढेल. म्हणून अर्थिंगची तार गाडीच्या सांगाड्याला पक्की हवी आणि सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच हवा. यात काटकसर नाही. केबल एक्झॉस्टपासून लांबून, फिरत्या पट्ट्यांपासून बांधून न्यायची.

आता वेळेचं. रात्री झोपताना पिन लावावी आणि सकाळी काढावी, असं पुष्कळ जण करतात. वरच्याच इंजिनाचं उदाहरण पुढे नेऊ. इंजिन जितकं तापतं तितकी त्याची गळतीही वाढते, आणि कधीतरी गळती हीटरच्या बरोबरीला येते. तिथे तापमान थांबतं. समजा ही मर्यादा बाहेरच्या हवेपेक्षा ५० अंश वर आहे. तर दोन तासांत इंजिन सुमारे ३१ अंश चढेल, तीन तासांत ३८ आणि आठ तासांत ४९. पहिल्या तीन तासांना १.८ युनिटं लागली. पुढच्या पाच तासांनी आणखी तीन युनिटं खाल्ली आणि पदरात पडले अकरा अंश. ती तीन युनिटं अंगणातली हवा तापवण्यात गेली. फिनलंडच्या त्या खांबांवर टायमर का असतो हे यावरून कळेल.

एक उणीव मात्र आठ तासांनीही भरून निघत नाही. गरम कूलंट वर चढतं आणि तेल असतं सगळ्यात खाली, संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात. त्यामुळे डोकं गरम, पाय गार अशी इंजिनाची अवस्था होते. सिलिंडरच्या भिंतींवरची तेलाची साय पातळ होते, पिस्टनचा अडसर घटतो, इंधनाची वाफ धरते, पण पंपाने ओढायचं तेल बऱ्यापैकी घट्टच राहतं. म्हणून कडक थंडीसाठी योग्य दर्जाचं तेल लागतंच. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू’ लिहिलेलं असेल तर ते उणे ३० अंशांना इंजिन फिरू देण्याच्या चाचणीत उतरलेलं असतं, ‘०डब्ल्यू’ उणे ३५ ला. संपला बाहेरून चिकटवायचे तापते पॅडही मिळतात. डिझेलच्या टाकीत मेण धरून इंधनच गोठलं असेल, तर त्यावर मात्र कूलंट हीटरकडे इलाज नाही.

हल्लीच्या गाड्यांत आणखी एक मजा होते. इंजिनाचा संगणक कूलंटचं तापमान बघून इंधन किती सोडायचं ते ठरवतो. ते गरम दिसलं की तो हात आखडता घेतो, आणि धुरात न जळलेलं इंधन कमी जातं. हा फायदा मोठा, कारण धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक २५०–३०० अंशांना पोचेपर्यंत नीट कामाला लागत नाही आणि सुरुवातीच्या त्या मिनिटांतच सर्वाधिक घाण बाहेर पडते. पण रात्रभर उभ्या गाडीत हवा उणे २० आणि कूलंट अधिक २० बघून एखादा संगणक सेन्सरवरच संशय घेईल. म्हणून काही गाड्यांच्या संगणकांना प्रीहीटर ओळखायलाही शिकवलेलं असतं.

हा सारा खटाटोप बर्फाळ मुलखापुरताच आहे असं मात्र नाही. रुग्णालयांच्या आणीबाणीच्या डिझेल जनरेटरवर असाच हीटर बारा महिने चालू असतो, मग बाहेर हिमवर्षाव असो की ऊन. वीज गेल्यावर काही सेकंदांत पूर्ण भार उचलायचा, तर इंजिनाला अंग मोडायला सवड नसते. अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे आणीबाणीच्या विजेचं मानक अशा जनरेटरांचं कूलंट ऊबदार ठेवायला सांगतं.

हीटर नीट बसलाय की नाही, हे कळायला कुठलंही उपकरण लागत नाही. पिन लावायची आणि वीस मिनिटांनी हात फिरवायचा, पंखा आणि पट्टे यांपासून बोटं जपून. डब्यातून कूलंट बाहेर पडतं त्या तोंडाचा होज ऊबदार, आत येतं त्या तोंडाचा त्याहून गार आणि इंजिनाचं डोकं हळूहळू कोमट होत असेल, तर चक्र फिरतंय. डबा चटका देतोय, आतून किटलीसारखा सूं-सूं आवाज येतोय आणि इंजिन मात्र तसंच बर्फगार आहे, तर लगेच पिन काढा आणि होजमधला उंचवटा शोधायला लागा.